कॉमिक्सचा अधिक महिना

महिन्यात पाच बुधवार आले की अमेरिकेतल्या कॉमिक्सवाल्यांची पंचाईत व्हायची. त्यातून त्यांनी जो फंडा शोधला, तो आपल्या दिवाळी अंकाचा अगदी सख्खा भाऊ आहे. आणि त्यातला धोकाही तोच!

शनिवारची दुपार. मुंबई-नाशिक हायवेवर वडप्याच्या अलीकडे ट्रकची रांग हलायचं नाव घेत नव्हती. रिक्षात बसून मी मोबाइलवर माझ्या पार्सलचं ट्रॅकिंग बघत होते. गेले तीन दिवस तिथे एकच शब्द झळकत होता : भिवंडी. म्हणजे माझं पार्सल आसपासच्याच कुठल्यातरी पत्र्याच्या छपराखाली पडलं होतं आणि मी त्याच्या दारावरून चालले होते. यालाच म्हणतात काखेत कळसा!

वडप्याच्या एका गोडाऊनमध्ये माझा कॉलेजचा मित्र डिस्पॅच सांभाळतो. टपरीवर कटिंग घेताना त्याने विचारलं, ‘एवढं आहे तरी काय त्या पार्सलमध्ये?’ मी म्हटलं, ‘जुनी कॉमिक्स. एकेक अंकाचीच. पुढचा भाग नसलेली.’ तो हसला. ‘म्हणजे आमच्या सेलसारखं. रोजचा माल पोट भरतो, सेल आला की जीव जातो. पण लोकांच्या लक्षात राहतो तो सेलच.’

बॉस, कॉमिक्सच्या धंद्याचं इतकं सोपं वर्णन मी आजवर ऐकलं नव्हतं.

पाचव्या बुधवारचं काय करायचं?

अमेरिकेत नवीन कॉमिक्स दुकानात येतात बुधवारी. तिथल्या फॅन मंडळींसाठी बुधवार म्हणजे आपला पिक्चर रिलीजचा शुक्रवार. आता गंमत बघा. स्पायडरमॅन असो की बॅटमन, बहुतेक मालिका महिन्याला एक अंक काढतात. प्रकाशक या मालिका चार आठवड्यांत वाटून टाकतो. कुणी पहिल्या बुधवारी, कुणी तिसऱ्या. वर्षाचे बारा महिने, म्हणजे अठ्ठेचाळीस आठवडे झाले. पण वर्षात आठवडे असतात बावन्न! उरलेले चार बुधवार जाणार कुठे?

ते जातात पाच बुधवारांच्या महिन्यांत. साधारण तीन महिन्यांतून एकदा असा महिना येतो. २०२५ साल बुधवारीच सुरू झालं, त्यामुळे त्या वर्षी असे तब्बल पाच महिने होते. २०२६ मध्ये चार आहेत : एप्रिल, जुलै, सप्टेंबर आणि डिसेंबर.

तुम्ही-आम्ही नोकरदार ही कटकट चांगलीच ओळखतो. पगार महिन्याचा, खर्च आठवड्याचा. पाच वीकेंड आले की महिनाअखेरीला पाकीट हलकं! कॉमिक्सच्या दुकानदाराचं नेमकं उलटं. पाचव्या बुधवारी गिऱ्हाईक सवयीने येणार आणि फळीवर नवीन फारसं काही दिसलं नाही की हात हलवत परत जाणार. दुकानाचं भाडं मात्र त्याही आठवड्याचं द्यायचंच.

यावर तोडगा निघाला तो ‘फिफ्थ वीक इव्हेंट’चा. नेहमीच्या मालिकांना हात न लावता, त्या एका आठवड्यापुरते आठ-दहा स्वतंत्र अंक काढायचे. प्रत्येकावर क्रमांक एक आणि दुसरा अंक नाहीच! यांना म्हणतात ‘वन-शॉट’. सगळ्यांना एकच सूत्र द्यायचं. हवा तो अंक घ्या, हवे तर सगळे घ्या.

फावल्या वेळातले प्रयोग

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात डीसी कॉमिक्सने हा खेळ जाम रंगवला. १९९७ मध्ये डॅन जर्गन्स या लेखक-चित्रकाराच्या कल्पनेतून ‘टँजंट’ नावाचे नऊ अंक आले. नावं जुनीच : फ्लॅश, ग्रीन लँटर्न, जोकर. पण माणसं, जग, गोष्ट सगळं नवं. नेहमीच्या मालिकेत असा उद्योग केला असता तर वाचकांनी संपादकाला सळो की पळो करून सोडलं असतं. एका आठवड्यापुरता म्हणून खपून गेला. पुढच्या वर्षी पुन्हा नऊ अंक आले.

१९९९ मध्ये १९४० च्या दशकातल्या हिरोंना परत आणायचं घाटत होतं. मोठ्ठी जोखीम! आजोबांच्या काळातले हे नायक आज कोण वाचणार? म्हणून आधी एका खास इव्हेंटमध्ये त्यांना उतरवलं. सुरुवातीला एक अंक, शेवटी एक अंक आणि मध्ये सात वन-शॉट, तेही जुन्या मासिकांची नावं लावून. त्याच वर्षी ‘जेएसए’ ही नियमित मालिका सुरू झाली. थोडक्यात काय, तर वन-शॉट म्हणजे कांदेपोहे. लग्नाचं नंतर बघू!

सगळ्यात धमाल मात्र १९९६ सालची. डीसी आणि मार्व्हल या कट्टर प्रतिस्पर्ध्यांनी एकत्र येऊन चार भागांची मालिका काढली. तिच्या तिसऱ्या आणि चौथ्या भागाच्या मधल्या फटीत बारा वन-शॉट आले. सहा यांचे, सहा त्यांचे. त्यात बॅटमन आणि वुल्व्हरिन मिळून झाला ‘डार्क क्लॉ’. या दोन कंपन्यांची गट्टी २०२५ मध्ये पुन्हा जमली, तीही वन-शॉटवरच : एक अंक मार्व्हलचा, एक डीसीचा आणि दोन्हीत बॅटमन आणि डेडपूल.

वेळापत्रकाच्या पोटात

यामागचं गणित आपल्या ऑफिसातल्या डेडलाइनपेक्षा वेगळं नाही. वीस-बावीस पानांच्या एका गोष्टीला लेखक लागतो, पेन्सिलने चित्र काढणारा, त्यावर शाई चढवणारा, रंग भरणारा आणि अक्षरं लिहिणारा. यातला एक जण आजारी पडला की अख्खी साखळी थांबते. वन-शॉटवर सहसा वेगळी टीम बसते, त्यामुळे मूळ मालिकेच्या चित्रकारावर बोजा येत नाही. शिवाय नवख्या लेखकाला हात आजमावायला मिळतो. फसलं तर एकच अंक फसला!

दुकानदाराची बाजूही समजून घ्या. त्याला अंदाजे दोन-तीन महिने आधी कॅटलॉग बघून ऑर्डर द्यावी लागते आणि न खपलेला माल साधारणपणे परत घेतला जात नाही. नव्या गोष्टीच्या किती प्रती मागवायच्या, हा त्याच्यासाठी जुगारच. म्हणून खास अंकाची जाहिरात मोठी, मुखपृष्ठ चकचकीत आणि क्रमांक एक! पहिला अंक नेहमीच जास्त खपतो, हे धंद्यातलं प्रत्येक जण जाणतो.

आणि इथेच पाय घसरतो. नोव्हेंबर १९९२ मध्ये सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून आला आणि लोकांनी गुंतवणूक म्हणून त्याच्या चार-चार प्रती घेतल्या. त्या काळात सगळ्यांनाच खास अंकांची चटक लागली. पण लाखो लोकांकडे असलेल्या वस्तूला ‘दुर्मीळ’ म्हणून भाव कोण देणार? फुगा फुटला, कित्येक दुकानं बंद पडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये खुद्द मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला. रोज श्रीखंड वाढलं की भूकच मरते, तसला प्रकार.

आपल्याकडे काय होतं?

आपल्याकडे ही पाचव्या आठवड्याची भानगडच नव्हती. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनी मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केलं. ते मराठीतही यायचं. सुरुवातीचे बत्तीस अंक एकट्या वेताळाचे. मग मँड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला, १९७६ मध्ये आबिद सुरतींचा अस्सल देशी बहादूर आला. मालिका एकच, हिरो आलटून-पालटून. १९९० मध्ये बंद होईपर्यंत आठशेच्या वर अंक निघाले.

अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या ‘अमर चित्र कथा’चं तर विचारूच नका. ती म्हणजे वन-शॉटचीच माळ! प्रत्येक अंकाचा नायक वेगळा, गोष्ट तिथल्या तिथे पूर्ण. मागचा अंक वाचला नाही म्हणून काही अडत नाही आणि वीस वर्षांनीही तोच अंक पुन्हा छापता येतो. राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम या मराठी चित्रकारांची रेष आपण लहानपणी अशीच पाहिली. मुळीकांनी पुढे हिंदी राज कॉमिक्सचा नागराजही रेखाटला. त्या राज कॉमिक्समध्ये जाडजूड ‘विशेषांक’ यायचे आणि त्यात दोन हिरो एकत्र दिसले की वर्गात मारामारी व्हायची.

२००४ मध्ये आलेला ‘स्पायडरमॅन : इंडिया’ तर फक्त चार अंकांचा पाहुणा. जीवन कांग यांच्या चित्रांत धोतर नेसलेला पवित्र प्रभाकर मुंबईच्या इमारतींवरून उड्या मारत गेला आणि विषय संपला असं वाटलं. पण २०२३ मध्ये तोच ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ या सिनेमात मोठ्या पडद्यावर आला. चार अंकांची पुण्याई अशी एकोणीस वर्षांनी फळाला आली!

आपला वन-शॉट

पण मराठी वाचकाला वन-शॉट नवा थोडाच आहे? १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपण हेच करतोय. रोजच्या अंकांच्या मध्ये एक जाडजूड खास अंक : जाहिराती जास्त, लेखक नामवंत, मुखपृष्ठ देखणं. कॉमिक्सच्या सगळ्यात जवळ जाणारा म्हणजे ‘आवाज’ आणि त्यातली खिडकीचित्रं. वरचं चित्र बघून मनात भलतंच यावं आणि पान उलटल्यावर साळसूद काहीतरी निघावं!

फरक एकच. अमेरिकेत खास अंक मालिकेच्या आधाराने जगतो. आपल्याकडे कित्येक मासिकं, साप्ताहिकं बंद पडली आणि त्यांचा दिवाळी अंक तेवढा उरला. ‘मौज’ साप्ताहिक गेलं, त्याचा दिवाळी अंक राहिला. घरातला कर्ता माणूस गेला आणि पाहुणाच घर चालवतोय, अशी ही गत. नवा लेखक, नवा चित्रकार घडतो तो दर महिन्याच्या रगाड्यात. वर्षातून एकदा मिळणाऱ्या पानांत तो किती शिकणार?

आपले पंचांगवाले या बाबतीत फार हुशार. चंद्र आणि सूर्य यांचा हिशेब जुळेना, तेव्हा त्यांनी दर बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक जादा महिना घातला आणि त्याला दानाचा, जावयाच्या अनारशांचा मान दिला. २०२६ मध्ये असा अधिक ज्येष्ठ आहे. पण अधिक मास गोड लागतो, कारण बाकीचे बारा महिने आपल्या जागी असतात. बाराच नसतील तर तेरावा फक्त दुष्काळातलाच!

म्हणून यंदा दिवाळी अंकांवर पैसे उडवाल, तेव्हा एखाद्या मासिकाची वर्गणीही भरून टाका. घरात लहान मूल असेल तर १९७१ पासून निघणारं बालभारतीचं ‘किशोर’ आहेच.

आणि हो, माझं पार्सल? चहा संपेपर्यंत ट्रॅकिंग बदललं. आधी होतं ‘भिवंडी’. आता आलं, ‘भिवंडीहून निघाले’. मी मात्र अजून वडप्याच्या ट्रॅफिकमध्येच होते.