क्षयाला अडवणारी डाळ

एकाच खोलीत झोपणाऱ्या दोन भावंडांपैकी एकालाच क्षय होतो, असं का? श्वासाबरोबर जंतू दोघांच्याही फुप्फुसात गेलेला असू शकतो. पण प्रतिकारक पेशी त्याला वेढा घालून कोंडून ठेवतात. वेढ्यातले शिपाईच उपाशी राहिले, तर फळी ढिली पडते आणि जंतू निसटतो. भूक क्षयाला वाट करून देते ती अशी.

झारखंडमधल्या ‘रेशन्स’ अभ्यासात रुग्णांच्या घरच्यांना दरमहा दर प्रौढामागे ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. इतकं साधं! काही घरांत मात्र फक्त रुग्णालाच शिधा मिळाला. त्यांच्या तुलनेत पहिल्या घरांत क्षयाचं प्रमाण सुमारे ३९ टक्के कमी राहिलं, असं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात.