पुतळ्याला फुले, मुलांना मैदान

आमच्या दादाच्या स्मारकासाठी वर्गणी जमली, आणि भांडणाला तिथूनच सुरुवात झाली.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. उमेदीच्या वयात तो फुटबॉल खेळला आणि पाय थकल्यावर आळीतल्या पोरांना शिकवीत बसला. तो गेला तेव्हा त्याच्या हाताखालून गेलेली मंडळी जमली. त्यांतली बरीचशी आता स्वतःच पेन्शनीत निघालेली! ‘काहीतरी कायमचे करायचे’ यावर सर्वांचे एकमत झाले. मात्र कायमचे म्हणजे काय, यावर तीन बैठका आणि चहाच्या कित्येक किटल्या खर्ची पडल्या. एक पक्ष म्हणे, चौकात अर्धपुतळा बसवू. दुसरा म्हणे, चांदीचा स्मृतिचषक ठेवू. वहिनी तेवढ्या म्हणाल्या, “भावजी, स्वतःचा पुतळा पाहिला असता तर ते लाजून गल्ली सोडून गेले असते.” पण वहिनींचे मत विचारले होते कुणी?

हा वाद तसाच लोंबकळत ठेवून मी मुलीकडे गेलो. ती आणि जावई स्पेनच्या उत्तरेला बिलबाओ शहरी असतात. हा बास्क लोकांचा मुलूख. त्यांची भाषा निराळी, अभिमान निराळा आणि फुटबॉलचे वेड तर विचारूच नका. पहिल्याच रविवारी जावई म्हणाले, “चला बाबा, तुमची एका ठेंगू माणसाशी गाठ घालून देतो.”

सान मामेस स्टेडियममध्ये त्यांनी मला एका अर्धपुतळ्यापुढे नेऊन उभे केले. मनात म्हटले, घरचा पुतळा चुकवून आलो तो इथेही पुतळाच!

हा राफाएल मोरेनो अरान्साडी, म्हणजेच ‘पिचिची’. जन्म १८९२ चा, चांगल्या सुशिक्षित घरातला. प्रसिद्ध साहित्यिक मिगेल दे उनामुनो हे त्याच्या नात्यातले. घरच्यांना वाटे, पोराने पुस्तके धरावीत. पोराने चेंडू धरला. चणीने लहानसा, डोक्याला पांढरा रुमाल बांधलेला. त्या काळी चेंडूवर चामड्याच्या वादीची शिवण असे आणि डोक्याने चेंडू मारताना ती कपाळाला चांगलीच लागे. २१ ऑगस्ट १९१३ रोजी सान मामेसचे मैदान खुले झाले, तेव्हा तिथला पहिला गोल याच मुलाने केला. अ‍ॅथलेटिक क्लबसाठी त्याने १९१४, १९१५, १९१६ आणि १९२१ असा चार वेळा राजाचा चषक जिंकला.

१९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये स्पेनच्या संघाने रौप्यपदक मिळवले, त्या संघातही तो होता. अँटवर्पचे नाव ऐकताच माझे कान टवकारले. कारण त्याच ऑलिंपिकमध्ये आपला फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावला आणि एकोणिसावा आला! पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारी खेड्यातली मुले पाहून दोराबजी टाटांनी मनावर घेतले आणि स्वतःच्या खिशातून पैसे घालून ती तुकडी बेल्जियमला धाडली. पिचिची आणि चौगुले यांची तिथे कधी नजरानजर झाली असेल का, कोण जाणे! पण दोघे एकाच जत्रेतले, हे खरे.

पिचिचीचे पुढचे आयुष्य फार थोडे उरले होते. उतरत्या काळात प्रेक्षक त्याच्यावर नाराज होऊ लागले. १९२१ मध्ये त्याने बूट उतरवले आणि पंचाची शिट्टी हाती घेतली. १ मार्च १९२२ रोजी टायफसच्या तापाने तो गेला. वय अवघे एकोणतीस. नावे ठेवणारेच मग हळहळले, आणि १९२६ मध्ये मैदानावर हा अर्धपुतळा बसला. माणूस गेल्यावर त्याची किंमत कळायची, ही रीत तिथेही आपल्यासारखीच!

पण पुढची रीत मला नवी होती. जो संघ सान मामेसवर पहिल्यांदा खेळायला येतो, त्याच्या कप्तानाने या पुतळ्यापाशी फुले वाहायची. प्रतिस्पर्ध्याने वाहायची बरे का, घरच्यांनी नव्हे! जुने स्टेडियम जाऊन २०१३ मध्ये नवे उभे राहिले, तरी पुतळा आला आणि रीतही आली. शिवाय स्पॅनिश लीगमध्ये मोसमात सर्वांत जास्त गोल करणाऱ्याला ‘मार्का’ हे क्रीडा दैनिक जे पारितोषिक देते, त्याचे नावही ‘पिचिची’च.

“झाले तर मग!” मी जावयांना म्हटले. “पुतळा आणि चषक, दोन्ही. आमच्या कमिटीतले दोन्ही पक्ष खूश होतील.”

जावई हसले. म्हणाले, “बाबा, हे अर्धेच पाहिलेत. उरलेले अर्धे उद्या.”

दुसऱ्या दिवशी आम्ही छोट्या आगगाडीने लेसामा या गावी गेलो. हिरव्या टेकड्यांच्या कुशीत मैदानांमागून मैदाने, आणि त्यांवर पोरेच पोरे. अ‍ॅथलेटिक क्लबचे हे शिक्षणकेंद्र १९७१ पासून चालू आहे. या क्लबचा एक जगावेगळा नेम आहे: बास्क मुलखात जन्मलेला किंवा तिथे खेळ शिकून तयार झालेला, तोच खेळाडू घ्यायचा. बाकीचे मोठे क्लब जगभरातून खेळाडू विकत आणतात. यांना मात्र आपल्याच अंगणातली रोपे वाढवावी लागतात. म्हणून बिस्के प्रांतातल्या गावोगावच्या लहान क्लबांशी यांचा करार असतो; त्यांना पैशाचे साहाय्य आणि शिक्षणाची जोड दिली जाते. कुठल्या गल्लीतला शेंबडा पोरगा उद्याचा पिचिची निघेल, कुणी सांगावे?

तुम्ही म्हणाल, हा नेम जरा कोता नाही का? मलाही तसे वाटले होते. पण इन्याकी आणि निको हे विल्यम्स बंधू पाहा. त्यांचे आईबाप घानाहून सहाराचे वाळवंट तुडवीत स्पेनला आले. मुले या मुलखात जन्मली, इथेच खेळली, लेसामात घडली आणि क्लबची लाडकी झाली. म्हणजे प्रश्न कुळाचा नाही, मातीचा आहे. आणि असा हट्ट धरूनही १९२९ साली लीग सुरू झाल्यापासून हा क्लब पहिल्या श्रेणीतून एकदाही खाली उतरलेला नाही. चाळीस वर्षांच्या खंडानंतर २०२४ मध्ये त्याने राजाचा चषक पुन्हा जिंकला, तेव्हा खेळाडूंना जुन्या नावेत बसवून नदीतून मिरवले आणि दोन्ही तीर माणसांनी फुलून गेले.

लेसामात एक भली मोठी पांढरी कमान दिसली. जुन्या सान मामेसच्या छपराला हिने आधार दिला होता. स्टेडियम पाडले, पण कमान मोडीत न काढता इथे, पोरांच्या मैदानाशेजारी, आणून उभी केली. तिच्या सावलीत एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा बुटाची नाडी बांधत होता. एकाएकी मला आमचा दादा आठवला. असाच वाकून तो परक्यांच्या पोरांच्या नाड्या बांधून द्यायचा.

तिथेच माझ्या डोक्यातला गुंता सुटला. या लोकांनी पुतळ्याला फक्त फुले दिली. पैसा दिला तो पोरांना. मागून पोरे खेळतच राहिली, म्हणून तर शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाला फुले वाहायला आजही कुणी येते. मैदान ओस पडले असते, तर पुतळ्यावर कावळेच बसले असते.

परत आल्यावर चौथी बैठक आमच्याच घरी घेतली. सारी हकीकत सांगितली. चषकवाले थोडे कुरकुरले, पुतळेवाले थोडे रुसले. शेवटी वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, “पोरांना बूट घेऊन द्या. यांचा अर्धा पगार त्यातच जायचा.” यावर बोलायला कुणाला काही उरले नाही.

आता पैसे बँकेत ठेव म्हणून आहेत. व्याजातून चेंडू येतात, गरजू मुलामुलींना बूट मिळतात आणि दादाच्याच एका शिष्याला शिकवण्याचे मानधन जाते. हो, मुलीसुद्धा खेळतात. दादाच्या वेळी त्या नुसत्या कट्ट्यावरून बघत.

बिलबाओची एक रीत मात्र आम्ही उसनी घेतली. मैदानाच्या कडेला एक चिंच आहे. दादा चपला तिच्या बुंध्याशी काढून ठेवी. बाहेरचा संघ पहिल्यांदा आला की त्याचा कप्तान तिथे ओंजळभर फुले ठेवतो.

परवा एका छोट्या कप्तानाने मला विचारले, “आजोबा, इथे देव कुठाय?”

मी मैदानाकडे बोट दाखवले. तिथे पोरे खेळत होती.