पट आपला, डबा परक्यांचा

लुडो हा विलायती खेळ आहे, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. नाव परके, डबा परका, म्हणून खेळही परका! हकीकत मात्र वेगळी आहे. लुडो म्हणजे आपल्याच पच्चीसीचा धाकटा भाऊ. आम्ही कापडाचा धंदा करणारे. आम्हाला या खेळाची आठवण येते ती त्याच्या कापडी पटामुळे.

पच्चीसीचा पट फुलीच्या आकाराचा. त्याला चार पट्टे, प्रत्येक पट्ट्यावर तीन रांगा आणि प्रत्येक रांगेत आठ घरे. कापडावर भरतकाम करून हा पट तयार होई आणि खेळ संपला की गुंडाळून ठेवता येई. सहा कवड्यांवर दान पडे. पंचवीसचे दान सर्वांत मोठे. त्यावरूनच खेळाचे नाव पडले. समोरासमोरचे दोघे भिडू एकमेकांचे साथीदार असत. दान पडले तरी चाल न करता साथीदारासाठी थांबण्याची मुभा होती. म्हणजे नशीब कवडीचे, पण अक्कल खेळणाऱ्याची. फतेहपूर सिक्रीच्या महालात असा पट फरशीवरच आखलेला आहे. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त याच घराण्यातल्या चौपटाची माहिती दिली आहे.

हा खेळ परदेशी गेला आणि तेथील व्यापाऱ्यांनी तो ओळखला. अमेरिकेत १८७४ मध्ये ‘पार्चीसी’ या नावाची नोंदणी झाली. इंग्लंडमध्ये १८९६ मध्ये लुडोचे पेटंट घेतले गेले. जर्मनीत याच खेळावरून ‘माणसा, चिडू नकोस’ अशा अर्थाच्या नावाचा खेळ निघाला. पहिल्या महायुद्धात तो सैनिकांच्या इस्पितळांत पोहोचला आणि पुढे घरोघरी गेला. नंतर आलेल्या ‘सॉरी’ या खेळाने तर फासाच काढून टाकला आणि त्याजागी पत्ते आणले.

त्यांनी नेमके काय केले? पटाला फेरी मारून घरी परतणे आणि दुसऱ्याची सोंगटी मारून मागे धाडणे, हा खेळाचा गाभा तसाच ठेवला. लुडोत कवड्यांच्या जागी एक फासा आला, साथीदार गेला, सोंगटी बाहेर काढायला सहाचे दान लागू लागले. खेळ सोपा झाला, लहान मुलेही खेळू लागली. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे त्यांनी नियम छापून डब्यात घातले. आपल्याकडे घराघराचे नियम निराळे. पाहुणा आला की आधी नियमांवरून वाद आणि मग खेळ! ज्या मालाचा वापर गिऱ्हाइकाला समजत नाही, तो दुकानात पडून राहतो, हे कापडवाल्याला सांगायला नको.

२०१६ मध्ये नवी मुंबईच्या एका कंपनीने ‘लुडो किंग’ मोबाईलवर आणला आणि २०२० च्या टाळेबंदीत तो घराघरांत खेळला गेला. म्हणजे या खेळाची भूक अजून संपलेली नाही.

मग आपल्या कारागीर बांधवांनी काय करावे? पहिली गोष्ट, खेळ खेळण्याची रीत आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३ प्रमाणे कुणाच्या मालकीची होत नाही. पच्चीसी बनवायला कुणाची परवानगी लागत नाही. आपली नक्षी आणि आपले नाव मात्र जपता येते. नावाची ट्रेडमार्क नोंदणी करावी. अमेरिकेला माल पाठवताना ‘पार्चीसी’ हे नाव लावू नये, ते तेथील कंपनीचे आहे. दुसरी गोष्ट, १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या मालाला त्यातून सूट आहे. तेव्हा कारागिराने आपले ओळखपत्र आधी काढून घ्यावे.

तिसरी गोष्ट अगदी स्वस्त आहे. दुकानात उरलेल्या मखमलीच्या तुकड्यांचा पट शिवावा, सोळा लाकडी सोंगट्या आणि सहा कवड्या घालाव्यात, आणि मराठी, उर्दू व हिंदीत छापलेला नियमांचा कागद विसरू नये. पट भरणाऱ्या बाईला कामाचे दाम रोख द्यावे.

हुन्नर आपल्याकडे होताच. डबा आणि कागद तेवढा राहून गेला होता.