मुतखडा: एक खडा, तीन वाटा

न्हावा-शेवा बंदराकडे जाणाऱ्या कंटेनर ट्रेलरांची जासईच्या आसपास सतत वर्दळ असते. तापलेल्या केबिनमध्ये तासन्‌तास बसायचे आणि लघवीला थांबावे लागू नये म्हणून पाणी कमी प्यायचे, ही सवय मुतखड्याला आयते निमित्त देते. लघवी घट्ट होते, तिच्यातले क्षार खडा धरतात. पुढे कुशीतून जांघेकडे कळ निघाली की धडधाकट माणूसही गडाबडा लोळतो.

पूर्वी असा खडा काढायला कूस उघडावी लागे. आज तीन सौम्य वाटा आहेत.

पहिली वाट लिथोट्रिप्सीची. वेगवान विमानावर पावसाचा थेंब आदळला की धातूत काय घडते, हे जर्मनीतील डॉर्निअर कंपनी तपासत होती. त्यातून धक्कालहरींचे यंत्र जन्मले. ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्युनिकमध्ये ख्रिस्तियन शॉसी यांनी पाण्याच्या टबातील रुग्णाचा खडा बाहेरूनच फोडला. इथे चीरच नाही. पण चुरा लघवीवाटे पडावा लागतो. म्हणून फार कठीण किंवा मूत्रपिंडाच्या तळाशी बसलेल्या खड्याला ही वाट कमी मानवते. गर्भवतींना ती वर्ज्य आहे.

दुसरी आरआयआरएस. जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची, वळणारी दुर्बीण लघवीच्या मार्गाने थेट मूत्रपिंडात जाते आणि केसासारख्या तंतूतून आलेला लेसर खड्याची भुकटी करतो. बऱ्याचदा काही दिवस आत स्टेंट ठेवतात: दोन्ही टोकांना वळलेली मऊ नळी. ती वेळेत काढलीच पाहिजे. विसरली तर तिच्यावरच खडा चढतो.

तिसरी पीसीएनएल, १९७६ मध्ये स्वीडनमध्ये वर्णिलेली. पाठीतून सुमारे एक सेंटिमीटरचे भोक पाडून मोठा खडा फोडून बाहेर काढतात. रक्तस्रावाचा धोका इथे अधिक, पण एका बैठकीत मूत्रपिंड मोकळे होण्याची शक्यताही अधिक.

ढोबळ हिशेब असा: दोन सेंटिमीटरपेक्षा मोठ्या खड्याला पीसीएनएल, त्याहून लहान असेल तर पहिल्या दोनपैकी एक. खड्याची जागा आणि कठीणपणा सीटी स्कॅन सांगतो. सर्वांत चांगली अशी एकच वाट नाही. खडा पाहूनच ती ठरते.

खडे किती साठू शकतात? धुळ्यात ८ डिसेंबर २००९ रोजी डॉ. आशिष रवंदळे-पाटील यांनी एकाच मूत्रपिंडातून १,७२,१५५ खडे काढले; गिनीज बुकात त्याची नोंद आहे.

खडा निघाला तरी खोड जात नाही. दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी पोटात जायला हवे. म्हणून बंदराच्या रस्त्यावर पिण्याचे पाणी आणि स्वच्छ मुतारी हाही मुतखड्यावरचा इलाजच आहे.