घरचा ठेवा : पेटींत कीं संगणकांत?

आमचें मूळ घर नांदेड जिल्ह्यांत नायगांवीं आहे. तेथें थोरले दादा व वहिनी राहतात. बाकीचे आम्ही पुणें, हैदराबाद व परदेशीं पांगलों आहों. दिवाळीला मात्र घर भरतें, आणि रात्रीं माजघरांत टीव्हीवर मुंजी-लग्नांचीं चलच्चित्रें पाहावयाचीं व मातोश्रींच्या ओव्या ऐकावयाच्या, असा परिपाठ आहे. गेल्या दिवाळींत त्यांत विघ्न आलें. हें सारें जींत होतें ती जुन्या संगणकांतील हार्ड डिस्क बंद पडली. चलच्चित्रांच्या नकला कोणाकोणाकडे निघाल्या. ओव्यांची नक्कल कोठेंच नव्हती. मूळ कॅसेटी पूर्वींच बुरशीनें गेल्या होत्या. त्या रात्रीं माजघरांत कोणी फारसें बोललें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं चहाबरोबर वाद सुरू झाला. पुतण्या म्हणे, नवा दणकट संगणक घ्या. हैदराबादचे जांवई म्हणत, नॅस घ्या. नॅस म्हणजे पडदा व कळफलक नसलेली लहानशी पेटी. तींत दोन किंवा अधिक डिस्का बसतात. राउटरला तार जोडली कीं घरांतील प्रत्येक फोनवर व टीव्हीवर आंतला ठेवा पाहतां येतो. खरें पाहतां तीही संगणकच; पण सोंवळ्यांतल्या भांड्याप्रमाणें एकाच कामाला वाहिलेली.

पुतण्याची बाजू लंगडी नव्हती. संगणक बिघडला तर त्याचे सुटे भाग नांदेडला मिळतात. पेटीच नादुरुस्त झाली, तर आंतील डिस्का वाचण्यास बहुधा त्याच कंपनीची दुसरी पेटी शोधावी लागते. शिवाय जड स्वरूपांतील चित्रपट जुन्या टीव्हीला झेपेल अशा स्वरूपांत चालतां चालतां बदलणें स्वस्त पेटीला जमत नाहीं. चांगला संगणक तें सहज करतो.

पण नायगांवीं वीज सांगून जात नाहीं. दोन डिस्कांची पेटी साधारण २० वॉट घेते, म्हणजे अहोरात्र चालली तरी महिन्याला सुमारें १४ युनिटें. संगणक नुसता जागा ठेवला तरी ५० ते ७० वॉट सहज खातो. त्याचीं ३६ ते ५० युनिटें होतात. पेटी लहानशा यूपीएसवर पुष्कळ वेळ तग धरते, आणि बॅटरी संपत आली कीं स्वतःच नीट बंद होईल अशी व्यवस्था करतां येते. दादांची सत्तरी उलटली आहे. वरचेवर नव्या सुधारणा मागणारें व पोरांच्या खेळांनीं भरून जाणारें यंत्र त्यांच्या गळ्यांत बांधणें आम्हांस योग्य वाटेना. आम्हीं पेटीच्या बाजूनें कौल दिला.

जांवईबापूंचा एक भ्रम मात्र दूर करावा लागला. पेटींतल्या दोन्ही डिस्कांवर एकच मजकूर उमटतो. म्हणून ४ टेराबाईटच्या दोन डिस्का घातल्या तरी जागा ४ टेराबाईटचीच मिळते. एक डिस्क मेली तर दुसरी तारून नेते, हें खरें. पण कोणीं चुकून कांहीं पुसलें तर तें दोहोंवरून एकदमच पुसलें जातें; आणि चोर किंवा आग कांहीं एकच डिस्क निवडीत नाहीं. ८ जानेवारी २००३ रोजीं पुण्यास फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारांत आग लागून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या कित्येक जुन्या नायट्रेट फिती भस्म झाल्या. ज्यांच्या नकला आधींच दुसऱ्या फितीवर उतरवून ठेवल्या होत्या, ते चित्रपट वांचले. म्हणून एक साधी बाहेरची डिस्कही घेतली. ती पुण्यास धाकट्या भावजयीच्या कपाटांत राहील. दर दिवाळीला नायगांवीं येईल व नवें भरून परत जाईल.

बिघडलेली डिस्क आम्हीं पुण्यांत दुरुस्तीस दिली होती. तेथून नकार आला. वहिनींना मात्र सासूबाईंच्या ओव्यांपैकीं अकरा पाठ निघाल्या. आवाज मातोश्रींचा नव्हे, चालही एके ठिकाणीं निराळी आहे, असें दादा म्हणाले. फोनवर त्या उतरवून घेतल्या, आणि नव्या पेटींत प्रथम त्याच ठेवल्या.