एका अक्षराचा भूगोल

गडचिरोलीतल्या भामरागड, एटापल्ली या तालुक्यांत पावसाळा लागला की आरोग्य कर्मचारी तापाच्या रुग्णांचे रक्तनमुने घेत घरोघर फिरतात. बोटाला सुई टोचायची, थेंब घ्यायचा आणि हिवतापाचा जंतू सापडतो का ते पाहायचं. याच गावांत आणखी एका तपासणीसाठी थेंबभर रक्त घेतलं जातं, ते सिकलसेलसाठी. ते रक्त नळीतल्या द्रावणात मिसळतात. द्रावण गढूळ झालं आणि नळीमागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसेनाशा झाल्या, तर खात्री करण्यासाठी नमुना हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस तपासणीला पाठवतात. या दोन तपासण्या एकाच गावात होतात यात योगायोग नाही. हजारो वर्षांपूर्वी पहिल्या आजारानेच दुसऱ्याला इथे जागा करून दिली.

सिकलसेलमधल्या विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशींचं पहिलं शास्त्रीय वर्णन शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये केलं. दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे, हे लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवलं. पुढे काही वर्षांत व्हर्नन इन्ग्राम यांनी नेमकी जागा शोधली. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. त्यांतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. जनुकातलं एक अक्षर बदललं, एवढंच. पण प्राणवायू सोडून दिल्यावर असे रेणू एकमेकांना चिकटून दांडे बनतात, पेशी ताठर होऊन वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांतच मोडते. अंगात रक्त टिकत नाही. हाडं, छाती, पोट यांत उठणाऱ्या कळा मोठ्या माणसालाही जमिनीवर लोळवतात.

हे बदललेलं अक्षर आईवडील दोघांकडून आलं तर मूल ‘एसएस’, म्हणजे रुग्ण. एकाकडूनच आलं तर ‘एएस’, म्हणजे वाहक. वाहक सहसा शेतात राबतो, पळतो, म्हातारा होतो. तो आजारी नसतो. आजार इतका जीवघेणा असूनही हे अक्षर नष्ट का झालं नाही, याचं उत्तर अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतून दिलं. किनारपट्टी आणि व्हिक्टोरिया सरोवराचा परिसर, जिथे हिवताप मुक्कामी, तिथे वाहक भरपूर होते. डास कमी असलेल्या थंड उंच प्रदेशात जवळपास नव्हतेच. वाहक मुलाला गंभीर फॅल्सिपॅरम हिवतापापासून सुमारे नव्वद टक्के संरक्षण मिळतं, हे नंतरच्या अभ्यासांनी पक्कं केलं. जी मुलं जगली, त्यांच्यासोबत ते अक्षरही जगलं.

भारतात सिकलसेलची नोंद १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये झाली, त्याच वर्षी आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांमध्येही. नागपूरहून शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातली नोंद १९५८ मध्ये प्रसिद्ध केली. आज गोंड, भिल्ल, पावरा यांच्याबरोबर विदर्भातल्या बौद्ध समाजातही हे अक्षर मोठ्या प्रमाणात आढळतं. म्हणूनच ‘आदिवासींचा आजार’ हा शब्दप्रयोग मला खटकतो. अक्षर जात विचारत नाही. रानाच्या कडेने, साचलेल्या पाण्याशेजारी पिढ्यान्‌पिढ्या कोण राहिलं, कोणाला तिथेच राहावं लागलं, याची ती नोंद आहे. मात्र लग्न ठरताना वाहक असण्याचा ठपका मुलीच्याच माथी येतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते, आणि हे अक्षर दोघांकडूनही सारखंच येतं.

भारतातलं हे उत्परिवर्तन आफ्रिकेहून न येता अरब-भारतीय पट्ट्यात स्वतंत्रपणे घडलं, असं बराच काळ मानलं गेलं; आता त्यावर मतभेद आहेत. भारतातल्या या उत्परिवर्तनाबरोबर गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुढेही जास्त टिकतं आणि ते पेशी वाकू देत नाही. त्यामुळे भारतीय सिकलसेल सौम्य, असा समज रुजला होता. नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांनी तीव्र आजाराची मुलं दाखवून त्याला धक्का दिला. अक्षर तेच, पण सोबतीला अल्फा थॅलेसेमिया हा हिमोग्लोबिनचाच दुसरा आनुवंशिक दोष आहे का, जंतुसंसर्ग किती होतात, पाणी आणि जेवण कसं मिळतं, यावर आजाराचं रूप ठरतं. अंगातलं पाणी कमी होणं हे कळ उठण्याचं ठरलेलं कारण. आता मे महिन्यातला तेंदूपत्त्याचा हंगाम डोळ्यांसमोर आणा. पहाटेपासून पानं तोडायची, दुपारी पुडे बांधायचे, पारा पंचेचाळीसच्या घरात आणि पाणी दूर. ‘भरपूर पाणी प्या, उन्हात जाऊ नका’ हा सल्ला वर्षाची रोख कमाई याच हंगामात करणाऱ्याने पाळायचा कसा?

हिवतापाने मागे ठेवलेली आणखी एक खूण म्हणजे जी-६-पीडी या विकराची कमतरता. मुंबईच्या पारशी समाजातली तिची नोंद साठच्या दशकातली आहे. एरवी ती जाणवतही नाही. पण व्हायव्हॅक्स प्रकारच्या हिवतापावर प्रायमाक्विन हे औषध दिलं की अशा माणसाच्या तांबड्या पेशी फुटू लागतात, लघवी काळपट होते.

याउलट मधुमेहासारख्या आजारात सगळंच जनुकांवर ढकलता येत नाही, हे पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामाने शिकवलं. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. तरीही आपल्या बाळांच्या कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. कमी होते ते स्नायू. मधुमेहाची मुळं आईच्या पोषणातही शोधावी लागतात, हा त्याचा अर्थ.

पुन्हा सिकलसेलकडे येऊ. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये सुरू झालं. सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत आजार संपवायचा, असं उद्दिष्ट आहे. त्याच वर्षी ब्रिटन आणि अमेरिकेत क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने होणाऱ्या सिकलसेलच्या उपचाराला मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्याच मूळपेशींमध्ये बदल करून गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करतात. अमेरिकेत त्याची किंमत बावीस लाख डॉलर आहे. हायड्रॉक्सियुरियाची साधी कॅप्सूलही तेच हिमोग्लोबिन वाढवते, काही प्रमाणात का होईना. ती रोज घ्यावी लागते आणि अधूनमधून रक्त तपासावं लागतं. नवजात बाळाची तपासणी, लहानपणी पेनिसिलिन, न्यूमोकोकल लस यांनी सिकलसेलची मुलं वाचतात, हेही कधीच सिद्ध झालं आहे. माझ्या लेखी अभियानाची परीक्षा तपासलेल्यांच्या आकड्यावर होणार नाही. ती भरपावसात, नाले तुंबलेले असताना, भामरागडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ती कॅप्सूल शिल्लक आहे का, यावर होईल.