कुंकू गेलं कुठे? टिंट इफेक्ट समजून घेताना

या भागात बरेच आकडे आहेत आणि ऐकताना ते हातातून निसटतात. म्हणून बोललेलं थोडं नीट लावून इथे लिहून ठेवतोय.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करू. आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी मी आफ्टर इफेक्ट्समध्ये एक छोटी फिल्म बनवत होतो. फोटो सगळे वेगवेगळ्या काळातले. काही कृष्णधवल, काही रंग उडालेले, काही मोबाइलवरचे. सगळे एका घरातले वाटावेत म्हणून सरसकट टिंट लावला आणि छान तपकिरी रंग दिला. आईला दाखवलं. तिने एका फोटोवर थांबवलं आणि विचारलं, "अरे, आईच्या कपाळावर कुंकू का नाही?"

आजी आजोबांच्या आधी गेली. तिचा ओसरीत बसलेला हा फोटो, त्यात कपाळावर ठसठशीत लाल कुंकू. माझ्या फिल्ममध्ये मात्र कपाळ मोकळं! आजोबांसमोर, सगळ्या नातेवाइकांसमोर हे पडद्यावर गेलं असतं तर काय झालं असतं, सांगायला नकोच.

आता असं का झालं ते बघू. आपल्याला वाटतं की टिंट म्हणजे चित्रावर रंगीत काच ठेवणं. तसं नाहीये. टिंट आधी प्रत्येक पिक्सेलचा रंग टाकून देतो आणि फक्त तो किती उजळ आहे एवढंच बघतो. मग त्या उजळपणाच्या जागी आपण दिलेला रंग बसवतो. त्यात मुख्य दोन खाने असतात. मॅप ब्लॅक टू म्हणजे काळ्याच्या जागी कुठला रंग, आणि मॅप व्हाइट टू म्हणजे पांढऱ्याच्या जागी कुठला. मधल्या सगळ्या करड्या छटांना या दोघांचं मिश्रण मिळतं.

उदाहरण घ्या. काळ्याच्या जागी गडद तपकिरी दिला, लाल ४३, हिरवा २७, निळा १४. पांढऱ्याच्या जागी साय रंग, २५५, २४४, २२०. मग बरोबर मधला करडा साधारण १४९, १३६, ११७ होतो. सरळ सरासरी, दुसरं काही नाही.

मग कुंकू कुठे गेलं? उजळपणा मोजताना तिन्ही रंगांना सारखं वजन नसतं. एचडी व्हिडिओच्या मानकात हिरव्याला साधारण ७२ टक्के, लालला २१ आणि निळ्याला फक्त ७ टक्के. आता हिशोब करा. कुंकवाचा लाल समजा १९०, ३०, ३०. सावलीतली सावळी त्वचा समजा १००, ६०, ४०. डोळ्यांना हे दोन रंग किती वेगळे! पण उजळपणा काढला तर कुंकू ६४ आणि त्वचा ६७. करड्यात दोन्ही जवळजवळ एकच. वेगळेपण फक्त रंगात होतं, आणि रंगच आपण फेकून दिला. त्यावर तपकिरी चढवा नाहीतर निळा, गेलेलं परत येत नाही.

उपाय टिंटच्या आधी करायचा. आफ्टर इफेक्ट्समध्ये इफेक्ट वरून खाली या क्रमाने चालतात. म्हणून टिंटच्या वर ब्लॅक अँड व्हाइट नावाचा इफेक्ट लावा. कुठला रंग करड्यात किती गडद व्हावा हे त्यात आपण ठरवतो. मी रेड्स खाली आणला. कुंकू झपकन गडद झालं. त्वचाही थोडी गडद झाली, पण कमी, कारण तिच्यात शुद्ध लाल कमी असतो. पिवळ्याचा यलोज थोडा वर नेला, चेहरा पुन्हा उजळला. कुंकू परत आलं!

दुसरा सोपा उपाय म्हणजे अमाउंट टू टिंट १०० वरून ६०-७० वर आणणं. मग मूळ रंग थोडे खालून डोकावतात. पण माझ्यासारखं कृष्णधवल आणि रंगीत फोटो एकत्र असतील तर ते पुन्हा वेगवेगळे दिसायला लागतात.

गंमत म्हणजे हे दोन खाने जुन्या मूकपटांच्या काळातल्या दोन पद्धतींशी जुळतात. टिंटिंगमध्ये फिल्म रंगाच्या द्रावणात बुडवायचे. उजळ भाग रंगीत व्हायचे, काळा काळाच राहायचा. दिवसा चित्रित केलेला प्रसंग निळा केला की प्रेक्षक रात्र समजायचे. टोनिंगमध्ये फिल्मवरच्या चांदीचंच रासायनिक रूपांतर करायचे. तिथे सावल्या रंगायच्या आणि पांढरा पांढराच राहायचा. म्हणजे फक्त मॅप व्हाइट टू बदललं तर ते टिंटिंग, फक्त मॅप ब्लॅक टू बदललं तर टोनिंग. हे लक्षात ठेवलं की कुठला खाना बदलायचा याचा गोंधळ होत नाही.

आता कामाच्या चार गोष्टी.

इफेक्ट लावल्या लावल्या चित्र कृष्णधवल झालं तर घाबरू नका. सुरुवातीला काळ्याला काळा आणि पांढऱ्याला पांढराच दिलेला असतो.

दोन्ही रंगांच्या उजळपणात भरपूर अंतर ठेवा. दोन्ही मध्यम घेतलेत तर चित्र सपाट, धुरकट होतं. आणि उलटे दिलेत, म्हणजे काळ्याच्या जागी उजळ, तर निगेटिव्ह दिसतं.

बऱ्याच लेयरना एकच छटा हवी असेल तर ॲडजस्टमेंट लेयर घ्या आणि टिंट त्याच्यावर लावा. खालचे सगळे लेयर एकदम बदलतात. पण कुंकवासारखी दुरुस्ती मात्र त्या त्या फोटोवरच करा.

मधल्या छटांनाही वेगळा रंग हवा असेल तर ट्रायटोन वापरा. त्यात सावल्या, मधल्या छटा आणि उजळ भाग असे तीन खाने मिळतात. आणि मूळ रंग ठेवून नुसती ऊब द्यायची असेल तर टिंट नकोच, फोटो फिल्टर बघा.

शेवटी एक सवय लावून घ्या. टिंट बंद-चालू करून प्रत्येक फोटो एकदा बघा, आणि काय छान दिसतंय यापेक्षा काय दिसेनासं झालंय ते शोधा. साडीचा काठ, हळदीचे हात, कपाळावरचं कुंकू. आपल्याला ती एक छटा असते, पण समोर बसलेल्या माणसाला ते आपलं माणूस असतं.

भेटू पुढच्या भागात!